डिफेनबेकिया की ॲग्लोनिमा?

सुलतान बाजारातल्या आमच्या घरात ऊन येतं ते सकाळी तासभर, तेही जिन्याच्या खिडकीतून. १९३३पर्यंत हा भाग 'रेसिडेन्सी बाजार' होता. इंग्रजांनी तो निजामाला परत दिला आणि तो सुलतान बाजार झाला. नाव बदललं, गल्ल्या अरुंदच राहिल्या. त्यामुळे बैठकीत ठेवायला सावलीत तगणारं झाड हवं होतं.

नर्सरीत दोन कुंड्या शेजारी-शेजारी होत्या. दोन्हींची पानं हिरवी, वर पांढुरके शिंतोडे. एक डिफेनबेकिया, दुसरं ॲग्लोनिमा. नवरा म्हणाला, "कुठलंही घे, सारखीच तर आहेत."

दिसायला सारखी, पण खोड बघा. डिफेनबेकियाचं जाड, उसासारखं पेरापेरांचं. खालची पानं गळत जातात आणि झाड वर वाढत पुरुषभर उंच होऊ शकतं. ॲग्लोनिमा बुटकं, बुंध्यातून फुटवे काढत झुडपासारखं भरतं, पानही अरुंद. पहिलं मूळचं उष्ण अमेरिकेतलं, दुसरं आशियातलं.

आमच्याकडे सव्वा वर्षाची लेक आहे, हाताला लागेल ते तोंडात घालणारी. कुंड्यांचे फोटो बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर चमकुऱ्याची भावंडं!" चमकुरा म्हणजे अळू. त्या परभणीकडच्या, आमची तेलुगू शेजारीणही चामकूरच म्हणते. आणि सासूबाईंनी अचूक ओळखलं होतं, दोन्ही अळूच्याच कुळातली. कच्च्या अळूनं घसा खाजतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक या दोघांतही असतात. अळू चिंच घालून, नीट शिजवून आपण खातो. ही मात्र खायची झाडंच नव्हेत. डिफेनबेकियाचा त्रास जास्त. पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजून बोलणं अवघड होतं. इंग्रजीत त्याला 'डम्ब केन' म्हणतात ते उगाच नाही.

ॲग्लोनिमाही निर्धोक नाही. म्हणून ते ठेवायचं फडताळाच्या माथ्यावर, आणि तिथे छतापर्यंत जेमतेम तीन फूट जागा. उंच जाणारं डिफेनबेकिया तिथंच बाद झालं. ॲग्लोनिमातही लाल-गुलाबी पानांचं फार देखणं होतं, पण त्याला उजेड जास्त लागतो. हिरव्या-चंदेरी पानांचं घेतलं. कुंडीवर 'हवा शुद्ध करते' अशी चिठ्ठी होती. एका कुंडीनं कोठीची हवा शुद्ध व्हायला लागली तर आणखी काय हवं!

पाणी बोटभर माती कोरडी झाल्यावरच घालते, कारण ओल साचली की मुळं कुजतात. मे महिन्यात कुंडी कूलरच्या झोतापासून लांब सरकवते. पान तोडल्यावर हात धुते.

नर्सरीतून आलो त्याच आठवड्यात सासूबाईंनी गच्चीवर चमकुऱ्याचे दोन कंद लावले. दाराला कडी आहे, लेकीचा हात पोचत नाही. श्रावणात वड्या करायच्यात.