धुऱ्याचा हिशेब

आमच्या घरच्या जमिनीची वाटणी झाली ती १९७२ च्या दुष्काळानंतरच्या साली, आणि झाली ती दोराने. परभणी जिल्ह्यात दुधनेच्या काठी आमचे गाव. जमीन काळी, कापसा-ज्वारीची. घरोघरच्या वाटण्या तेव्हा बहुधा तोंडीच होत. पंचांनी ओढ्याकाठचा लांबट तुकडा थोरल्या काकांस व गावाकडचा चौरस तुकडा माझ्या वडिलांस दिला. दोन्हींच्या धुऱ्यावरून दोर फिरविला, तो दोहोंस सारखाच लागला. वाटणी समसमान झाली असे ठरून सर्वांनी गूळ खाल्ला.

पुढे दर पेरणीस काकू एकच तक्रार करीत, की आमच्या वाट्याचे बियाणे उरते कसे? काका चाड्यावरच्या मुठीस दोष देत आणि विषय तेथेच थांबे.

सातवीत आम्हांस परिमिती व क्षेत्रफळ शिकविले गेले. तेहतीस फुटांची साखळी चोहो बाजूंस धरली की एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे तर घरीच ठाऊक होते. नव्या विद्येच्या उत्साहात मी तेवढा दोर घेऊन दोन्ही शेते मोजली. आमचे अकरा साखळ्या लांब, अकराच रुंद; काकांचे पंधरा लांब, सात रुंद. धुरा दोहोंचा चव्वेचाळीस साखळ्या, म्हणजे १४५२ फूट. पंच खोटे नव्हते. परंतु आमचे क्षेत्र भरले १२१ गुंठे आणि काकांचे १०५! सोळा गुंठ्यांची तफावत. म्हणजे न्यायाने आठ गुंठे काकांचे आमच्याकडे होते.

गुणाकार तीनदा तपासला. मग कारण शोधू लागलो. अकरा-अकराच्या चौरसातून एका बाजूची साखळीभर रुंदीची पट्टी काढली, तर अकरा गुंठे जातात. तीच साखळी दुसऱ्या बाजूस वाढविली, तर तेथे लांबी दहाच उरल्याने दहाच गुंठे मिळतात. धुरा तोच, पण गुंठा एक बुडाला. पुढच्या वेळी बारा जाऊन नऊ येतात, मग तेरा जाऊन आठ, मग चौदा जाऊन सात. एक, तीन, पाच, सात: सोळा गुंठे असे चार पावलांत गेले होते. शेत आणखी ताणीत वीस लांब व दोन रुंद केले असते, तर त्याच धुऱ्यात जेमतेम एकर उरला असता.

ही चूक आमच्याच पंचांची नव्हे, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले. पाचव्या शतकातील ग्रीक भाष्यकार प्रोक्लस सांगतो, की काही लोक वाटणीत मोठ्या घेराची पण कमी क्षेत्राची जमीन दुसऱ्यास देत आणि वर प्रामाणिकपणाची कीर्तीही मिळवीत. आमच्या भास्कराचार्यांनी तर ११५० सालच्या लीलावतीत, कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे ठराविक क्षेत्रफळ विचारणाऱ्यास पिशाच म्हटले आहे, आणि उत्तर देणाऱ्यास त्याहून वाईट. कारण बाजू त्याच ठेवून कोपरे दाबले, की क्षेत्र बदलते. आमच्या पंचांना हे ऐकविण्याची छाती मात्र मला झाली नसती.

रात्री वही वडिलांपुढे ठेवली. बराच वेळ ते कंदिलाची वात खालीवर करीत बसले. शेवटी म्हणाले, "उद्या दादांकडे चल. वही घे."

काका ऐकून संतापले. "दोर मी स्वतः धरला होता. पंचांनी दिले ते दिले. पोराच्या वहीवरून धाकट्या भावाची जमीन घेऊ होय?" वडील काही बोलले नाहीत. त्या सुगीपासून मात्र आठ गुंठ्यांची ज्वारी पायलीने मोजून ते काकांच्या ओसरीवर ठेववू लागले. काका तिकडे पाहत नसत. काकू पोती आत घेत आणि मला हळूच म्हणत, "बियाणं उरतं, हे मी पहिल्या सालापासून सांगत होते ना रे?"