म्हैसूरचे तातय्या, मिरजेचे तात्या

म्हैसूरला निघताना बाबांची एकच अट होती, "राजवाड्यासमोर तासभर फोटो काढत बसायचं नाही." मिरजेहून रात्रभर गाडीत बसून आलेल्या माणसाची ही अट मी मान्य केली आणि अर्थातच पाळली नाही. रविवार होता. संध्याकाळी राजवाड्यावर जवळजवळ लाखभर दिवे एका क्षणात लागले, आणि बाबाच आधी "अरे!" म्हणाले.

तात्या, म्हणजे माझे आजोबा, गेल्याला वर्ष झालं होतं. वयाच्या ८९ व्या वर्षी गेले. त्यानंतर बाबा कुठे बाहेर पडलेच नव्हते, म्हणून ही सहल.

दुसऱ्या दिवशी सय्याजीराव रोडवरून देवराज मार्केटमध्ये गेलो. बडोद्याच्या आपल्या सयाजीरावांचं नाव इथल्या मुख्य रस्त्याला आहे हे कळल्यावर बाबा जरा ऐटीत चालायला लागले. मार्केटमध्ये म्हैसूर मल्लिगेचे गजरे हातावर मोजून देतात. विड्याची पानं, कुंकवाचे टोकदार ढीग, नंजनगूडची रसबाळे केळी. तिथे तास कसा गेला कळलं नाही.

पण मला दाखवायचं होतं ते वेगळंच. येण्याआधी वाचताना मला एक नाव सापडलं होतं, तातय्या. एम. वेंकटकृष्णय्या हे खरं नाव. पण अख्खं शहर त्यांना तातय्या म्हणायचं, आणि 'वृद्ध पितामह' असंही. कन्नडमध्ये तात म्हणजे आजोबा. जन्म १८४४, मृत्यू १९३३. मी वजाबाकी केली आणि थांबले. ८९.

सीताविलास रोडवरच्या मरिमल्लप्पा शाळेपाशी आम्ही रिक्षा थांबवली. मरिमल्लप्पांनी शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशांतून १८७६ साली सुरू झालेली ही शाळा, आणि तातय्या तिचे पहिले मुख्याध्यापक. आत जायचं काही कारण नव्हतं, मुलांची सुट्टी झाली होती. फाटकासमोर उभं राहून मी बाबांना वाचलेलं सांगत होते. हा माणूस शिकवायचा, 'हितबोधिनी', 'वृत्तांत चिंतामणी', 'साध्वी' अशी पत्रं काढायचा. १९०८ मध्ये संस्थानानं वृत्तपत्रांवर निर्बंध घातले, तेव्हा निषेध म्हणून त्यांनी आपली पत्रं बंद केली. आणि अनाथ मुलांसाठी अनाथालय उभं केलं. ज्यांना कुणी नाही त्यांचा बाप व्हायचं, हे त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

"आणि त्यांच्या घरच्यांचं काय?" बाबांनी विचारलं.

ते मी वाचलं नव्हतं. आणि बाबा तातय्यांबद्दल विचारत नव्हतेच.

आमच्या तात्यांना मिरजेत बरेच लोक ओळखायचे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून पेशंट येतात, सोबतचे नातेवाईक कॉरिडॉरमध्ये गोंधळून उभे असतात. तात्या नोकरीवरून सुटले की सरळ तिकडे जायचे. केसपेपर कुठे मिळतो ते दाखवायचे, रक्तदाता शोधायचे, घरून भाकरी नेऊन द्यायचे. कामापुरतं मोडकंतोडकं कन्नड शिकले होते. निवृत्तीनंतर तर दिवसभर तिथेच. ते गेले तेव्हा दारात जी गर्दी जमली, त्यातल्या निम्म्या लोकांना आम्ही ओळखत नव्हतो. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता. बाबांना काय वाटलं हे मी विचारलंच नव्हतं.

फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून ते सांगायला लागले. "माझं एकही गॅदरिंग त्यांनी पाहिलं नाही. दहावीचा निकाल मी आईला सांगितला, त्यांना रात्री अकराला कळला. कुणाच्या तरी ऑपरेशनला थांबले होते." मग थोडं थांबून, "राग नव्हता रे असं म्हणतो मी सगळ्यांना. होता."

मी काही बोलले नाही. अशा वेळी "पण त्यांनी किती लोकांना..." असं म्हणायची आपल्याला सवय असते. आमच्या घरात वर्षभर सगळ्यांनी बाबांना हेच ऐकवलं होतं. मीसुद्धा.

"एकदा मला टायफॉइड झाला," बाबा म्हणाले, "तेव्हा आठ दिवस ते दवाखान्यात गेले नाहीत. घरी बसून होते. मला कंटाळा आला त्यांचा." आणि हसले.

शाळेतली शेवटची मुलं बाहेर पडत होती. एक म्हातारे गृहस्थ नातवाचं दप्तर खांद्यावर अडकवून आमच्या शेजारी टेकले. घामाघूम झालेले. बाबांनी आपली पाण्याची बाटली त्यांच्यापुढे केली, आणि तात्यांच्याच मिरजी उच्चारात विचारलं, "ऊटा आय्ता?"

जेवण झालं का. दवाखान्यात तात्या प्रत्येकाला आधी हेच विचारायचे. बाबांना कन्नडचे तेवढे दोनच शब्द येतात हे मला त्या दिवशी कळलं.