दहा कोटी बियांसमोर

कापूस पिकविणाऱ्या मुलखात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या डोळ्यांना ढीग पाहण्याची सवय असते. परंतु त्या ढिगातील प्रत्येक बोंडाला कोणाचा तरी हात लागलेला आहे, ही जाणीव त्या सवयीखालीच हळूहळू दबून जाते. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात वाढलेल्या मला ती पुन्हा लाभली लंडनमध्ये शिकत असताना, २०१० सालच्या हिवाळ्यात, टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात.

थेम्स नदीच्या दक्षिण तीरावरील ही विटांची प्रचंड इमारत मुळात वीजनिर्मिती केंद्राची. ते १९८१ साली बंद पडले आणि २००० साली तेथे आधुनिक व समकालीन कलेचे संग्रहालय सुरू झाले. जेथे पूर्वी जनित्रे घरघरत असत, त्या टर्बाइन हॉलमध्ये चिनी कलावंत आय वेईवेई यांनी सूर्यफुलाच्या दहा कोटी बिया अंथरल्या होत्या. दुरून तो करड्या वाळूचा पट्टा भासे. मात्र त्यांतील एकही बी शेतात पिकलेली नव्हती. चिनी मातीच्या भांड्यांसाठी शतकानुशतके विख्यात असलेल्या जिंगदेजेन नगरातील सुमारे सोळाशे कारागिरांनी त्या बिया घडविल्या, भाजल्या आणि प्रत्येकीवरील काळ्या रेघा कुंचल्याने हाताने ओढल्या होत्या. माओच्या राजवटीतील प्रचारचित्रांत नेता हा सूर्य आणि प्रजा ही त्याच्याकडे तोंड वळविणारी सूर्यफुले असत. त्या एकजिनसी समुदायातील एकेक जीव वेगळा आहे, हेच या बिया सांगत होत्या.

शेजारीच त्या कामाचा चित्रपट दाखवीत. त्यात आपसांत बोलत बीमागून बी रंगविणाऱ्या स्त्रिया पाहताना, ओटी बांधून पऱ्हाटीच्या ओळींतून सरकणाऱ्या आमच्या गावच्या बाया, काटेरी बोंडांनी ओरखडलेली माझ्या आईची बोटे आणि संध्याकाळी तराजूसमोर किलोच्या हिशेबाने मिळणारी मजुरी, हे सारे मला प्रथमच एका दृष्टिक्षेपात दिसले.

प्रेक्षकांनी या बियांवरून चालावे, अशी कलावंताची मूळ योजना होती. परंतु पावलांखाली उठणारी भुकटी वारंवार श्वासावाटे आत गेल्यास अपाय होईल, हे ध्यानात येताच उद्घाटनानंतर काही दिवसांतच चालण्यास मनाई झाली. अडसराबाहेर उभी राहून ती सूचना वाचताना त्या दक्षतेविषयी मला मनःपूर्वक आदर वाटला. आणि त्याच क्षणी, तोंडाला लुगड्याचा पदर बांधून जिनिंगमध्ये हंगामभर कापसाची धूळ गिळणाऱ्या स्त्रिया आठवून मन व्यथित झाले.

पुढे २०१७ साली तीच व्यथा जिल्हाभर प्रकट झाली. कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर वाढलेली, त्यामुळे फवारा पाठीवरच्या पंपातून निघून माणसाच्याच तोंडावर येई. अनेक औषधे एकत्र कालवली जात, आणि अंगात मात्र रोजचाच सदरा असे.

कलाकृती पाहून पोट भरत नाही, हे आमच्याकडचे मत मला अमान्य नाही; तथापि मजुराला रोजंदारीच्या आकड्यांतून वेगळा काढून माणूस म्हणून पाहण्याची दृष्टी मला कलेनेच दिली, आणि त्या दृष्टीतून एक साधी मागणी निपजली. धोका कळताच काम थांबते, हा नियम ज्याप्रमाणे फुरसतीने आलेल्या प्रेक्षकाच्या श्वासाला लागू होतो, त्याचप्रमाणे तो राळेगाव, कळंब, आर्णी, घाटंजी येथील फवारणाऱ्याच्या श्वासालाही लागू झाला पाहिजे. हातमोजे, मुखपट्टी व अंगभर वेश या वस्तू मालकाची मेहेरबानी न राहता मजुरीचाच भाग ठरल्या पाहिजेत, आणि विषाच्या डब्यावरील मजकूर त्याला वाचता येईल अशा ठसठशीत मराठीत छापला गेला पाहिजे.