त्या दोघांना वगळून

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडे फारसा परिचयाचा खेळ नव्हे. सेमिनरीत असताना आम्ही झगे खोचून जो फुटबॉल खेळत असू, त्याच्याशी याचे साम्य नावापुरतेच. लांबट चेंडू उराशी धरून धावायचे आणि धावणाऱ्याला अंगावर झेपावून पाडायचे, हेच त्यातले मुख्य काम. तरीही या खेळातील एका संघाचा एक मोसम मला पुनःपुन्हा आठवतो.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ येशूसंघीय धर्मगुरूंनी १८५५ साली स्थापन केले. १९५१ साली त्याच्या 'डॉन्स' संघाने नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. न्यू यॉर्कमध्ये फोर्डमला ३२-२६ असे हरवले. २४ नोव्हेंबर रोजी पॅसाडीना येथे लॉयोलाला २०-२ असे नमवले. ही दोन्ही विद्यापीठेही येशूसंघीयांचीच! (घरच्यांना हरवण्यात केवढा आनंद असतो, हे शेजारच्या धर्मग्रामांचे सामने पाहिलेल्यांना सांगायला नको.) ऑली मॅटसनने त्या मोसमात चेंडू घेऊन १,५६६ यार्ड अंतर कापले. देशातील महाविद्यालयीन खेळाडूंत त्याच्यापुढे कोणीही नव्हता. बचावाच्या फळीत बर्ल टोलर होता. दोघेही कृष्णवर्णीय.

मोसमाअखेरीस निवडक संघांना निमंत्रण देऊन 'बाऊल' सामने भरवले जात. त्यांतून मिळणाऱ्या पैशाची विद्यापीठाला निकड होती, कारण फुटबॉलचा खर्च झेपेनासा झाला होता. दक्षिणेकडील आयोजकांचा निरोप आला तो असा, की या, पण त्या दोघांना घरी ठेवा. डॉन्सचे प्रतिस्पर्धी दुबळे होते म्हणून निमंत्रण गेले नाही, असेही कारण पुढे केले गेले. परंतु खेळाडू आयुष्यभर एकच हकीकत सांगत राहिले.

संघाने नकार दिला.

जिनो मार्केटी त्यांच्यातच होता. महायुद्धात युरोपच्या रणभूमीवर लढून आलेला. बाकीचे बहुतेक विशीतले तरुण. एखाद्याला वगळले की इतरांची वाट किती सुकर होते, याचा अनुभव धर्मग्राम चालवणाऱ्याला नवा नाही. वगळलेला माणूस बहुधा तक्रारही करीत नाही. म्हणूनच मला त्या एकमताचे अधिक मोल वाटते. तोट्यामुळे विद्यापीठाने त्यानंतर फुटबॉल संघच बंद केला. हिशेबाच्या वहीकडे पाहता तो निर्णय समजण्यासारखा आहे. तरी मन हळहळते.

मॅटसन, मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिदालनात जाऊन बसले. संघाच्या प्रसिद्धीचे काम पाहणारा पीट रोझेल १९६० साली त्या राष्ट्रीय लीगचा आयुक्त झाला. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या शर्यतींत दोन पदके मिळवली.

टोलरचे तसे झाले नाही. १९५२ साली एका सामन्यात त्याचा गुडघा निकामी झाला आणि व्यावसायिक खेळाचे दार कायमचे मिटले. तो शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला. १९६५ साली त्याच लीगमध्ये पंचांच्या पथकात उभा राहणारा पहिला कृष्णवर्णीय तोच.

२००९ साली त्याचे निधन झाले. विद्यापीठातील एका वसतिगृहाला जेम्स फेलन यांचे नाव होते. कॅलिफोर्निया गोऱ्यांचीच राहावी म्हणून १९२० साली निवडणुकीत प्रचार करणारे हे सिनेटर. विद्यार्थ्यांनी त्या नावाला हरकत घेतली. २०१७ साली त्या इमारतीवर बर्ल टोलरचे नाव आले.