एकच आंबा

बँकेत एकतीस वर्षं कर्जखातं सांभाळलं. कुणाचं किती फिटलं, किती राहिलं, हे सांगणं हेच काम. तरी एका बाईंचा हिशेब मला अजून मांडता आलेला नाही.

त्यांच्याआधी मी दुसऱ्या एका समुपदेशकांकडे जायचो. माणूस गोड. तिसऱ्या भेटीत 'अरे-तुरे'वर आले, पाचव्या भेटीत चहा, आठव्या भेटीत भाच्याचं कर्जप्रकरण. "तू बघशीलच." भाच्याचं सिबिल बघण्याआधीच माझी मान हलली होती. धाकट्या भावाच्या मृत्यूबद्दल जे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते या माणसाला ठाऊक होतं. मला त्यांच्याबद्दल ठाऊक काय, तर चहात दोन चमचे साखर. त्यांनी धाक दाखवला नाही, गरजच नव्हती. प्रकरण मी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सरकवलं आणि जाणं बंद केलं.

बाईंनी पहिल्याच दिवशी नियम सांगितले. पन्नास मिनिटं. फी त्याच दिवशी. रात्री फोन नाही. इथलं बोलणं इथंच. जिवाला धोका दिसला तरच घरच्यांना कळवणार. "आणि बाहेर कुठे दिसलो, तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. दाखवायची की नाही, तुम्ही ठरवा." गोपनीयता हा २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं, कलम २३नं दिलेला हक्क आहे, हे मी पुढे वाचलं. तेव्हा बाई नुसत्या कोरड्या वाटल्या.

"ताई म्हटलं तर चालेल?"

"म्हणा. समजू मात्र नका."

मे महिन्यात रत्नागिरीहून आलेली हापूसची पेटी घेऊन गेलो. त्यांनी गवत बाजूला सारून एक आंबा काढला, देठाशी हुंगला आणि पेटी माझ्याकडे सरकवली. "सगळी घेतली तर तुम्हाला माझ्यावर चिडता येणार नाही. आणि चिडायची वेळ येणार आहे."

जूनमध्ये आली. भावाचा विषय त्यांनी टाळू दिला नाही. मी नको ते बोललो, पन्नास मिनिटं व्हायच्या आत उठून गेलो. पुढच्या मंगळवारी खुर्ची तिथंच होती, बाईही.

रुग्णाचं प्रेम उपचाराच्या परिस्थितीतून उपजतं, तो आपल्या गुणांचा प्रताप समजू नका, असं फ्रॉइडनं १९१५ साली डॉक्टरांना बजावलं होतं. पहिल्या गृहस्थांना माझा विश्वास स्वतःची कमाई वाटली. बाईंनी तो ठेव म्हणून सांभाळला.

उपचार संपून दोन वर्षं झाली असतील. बालगंधर्वला नाटकाच्या मध्यंतरात हातात बटाटावडा घेऊन उभा होतो, तर समोर बाई. नजर क्षणभर थांबली आणि चहाच्या रांगेकडे वळली.

"ओळखीच्या का रे?" बायकोनं विचारलं.

नाही म्हणायची पूर्ण मोकळीक होती.

"हो," म्हणालो. "घरी जाताना सांगतो. धाकट्याचंही."