मेंढपाळाची नात आणि माझी सभा

"शेतकरी बंधूंनो," असे म्हणून गेली अठ्ठावीस वर्षे मी गावोगावच्या सभा सुरू करीत आलो. आज लिहायला बसलो तेव्हाही हाताने सवयीने तेच लिहिले. ते खोडून पुन्हा लिहितो: शेतकरी भगिनींनो आणि बंधूंनो. का खोडले, तेवढेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

गेल्या पावसाळ्यात चिखलात मोटारसायकल घसरली आणि पाय मुरगळला. डॉक्टरांनी तीन आठवडे खाटेवरून उठायचे नाही असे बजावले. ज्याने उभा जन्म बांधावर काढला, त्याला खाटेवर पडून राहणे म्हणजे शिक्षाच. वर्तमानपत्र वाचून झाले, जुने अंक चाळून झाले. मग धाकट्या मुलीच्या फळीवरची पुस्तके दिसली. ती शिकायला बाहेरगावी असते. दिवाळीला आली की त्याच त्या पाच पुस्तकांत डोके घालून बसते. मी तिला म्हणायचो, "अगं, परीक्षेचे वाच. या परीकथांनी पोट भरणार आहे का?" ती हसून म्हणायची, "बाबा, एकदा वाचून तर बघा, मग बोला."

माझे इंग्रजी औषधाच्या डब्यावरचे. शब्दकोश उशाशी घेतला आणि पहिले पुस्तक उघडले. म्हटले, दोन पाने वाचू आणि झोप लागली तर बरेच. झोप लागली नाही. पहाटे सौभाग्यवती चहा घेऊन आल्या, तेव्हा मी अजून वाचतच होतो.

या पुस्तकांचे लेखक इंग्लंडचे टेरी प्रॅचेट. जन्म १९४८ चा, मृत्यू २०१५ चा. त्यांनी टिफनी एकिंग नावाच्या मुलीवर पाच कादंबऱ्या लिहिल्या. पहिली 'द वी फ्री मेन' २००३ साली आली, शेवटची 'द शेफर्ड्स क्राउन' त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी, २०१५ मध्ये. टिफनी पहिल्या पुस्तकात नऊ वर्षांची आहे आणि पुस्तकागणिक मोठी होत जाते. ती राजकन्या नाही. मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याची लेक आहे. दुधाच्या खोलीत लोणी काढते, चीज बनवते, धाकट्या भावाला सांभाळते. चिकटलेला, गोड खाऊ मागत रडणारा तो भाऊ तिला फारसा आवडतही नाही, हे लेखक मोकळेपणाने सांगतो.

जग काल्पनिक आहे, पण जमीन खरी वाटते. दक्षिण इंग्लंडात खडूसारख्या पांढऱ्या, मऊ दगडाच्या टेकड्या आहेत. लेखक स्वतः त्याच भागात राहत होते. तिथे मातीचा थर पातळ, पाणी लगेच झिरपून जाते, वर आखूड गवत. अशा जमिनीवर मेंढीच चांगली. पूर्वी तिकडचे शेतकरी दिवसा मेंढ्या टेकडीवर चारीत आणि रात्री पिकाच्या शेतात कोंडून ठेवीत, म्हणजे लेंडीमुताचे खत आपोआप पडे. आपल्याकडे धनगर बांधवांना बोलावून शेतात मेंढ्या बसवतात, तीच ही रीत. सातासमुद्रापलीकडचा शेतकरी आणि आपला शेतकरी एकाच अनुभवाने एकाच ठिकाणी पोचले, याचे मला मोठे कौतुक वाटले.

आता गोष्ट ऐका. नदीतून एक हिरव्या दातांची राक्षसीण वर येते. दुसरी मुलगी किंचाळत पळाली असती. टिफनी घरी जाते आणि पुस्तक काढून बघते. त्यात लिहिलेले असते की तिचे डोळे सुपाच्या थाळीएवढे असतात. एवढ्यावर ती थांबत नाही. ती फडताळातली थाळी काढून मोजते. आठ इंच भरते. मग घरातला सर्वांत मोठा लोखंडी तवा उचलते, भावाला काठावर बसवून त्याच्यापुढे खाऊ ठेवते आणि राक्षसीण वर आली की तव्याचा असा तडाखा देते की बोलायची सोय नाही!

भावाचे आमिष करणे काही बरे नव्हे. पण ते मोजणे वाचून मी खाटेवर उठून बसलो. "ऐकलेले खरे मानू नका, मोजून बघा," हेच तर मी अठ्ठावीस वर्षे सांगत आलो आहे.

पुढे त्याच भावाला परीराज्याची राणी पळवते. टिफनी तवा घेऊन त्याला आणायला निघते. मदतीला असतात सहा इंच उंचीचे, निळ्या अंगाचे, तांबड्या केसांचे चोरटे बुटके. ते दारू पितात, मेंढ्या चोरतात, कुणाशीही मारामारी करतात आणि जगात फक्त वकिलाला भितात. हे वाचून मी एवढ्याने हसलो की शेजारचे डोकावून गेले. बांधाच्या तंट्यापायी ज्यांनी तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. त्यांची बोली मात्र मला अवघड गेली. शहरातल्या माणसाने पहिल्यांदा अहिराणी ऐकावी, तसे झाले.

टिफनी भावाला सोडवते. त्याच राज्यात अडकलेल्या सरदाराच्या मुलालाही सोडवते. घरी आल्यावर सगळे काय म्हणतात? सरदाराच्या मुलाने पराक्रम केला! पोरीने केला असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. टिफनी वाद घालत नाही. पुन्हा लोणी काढायला जाते. इथे मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ आढ्याकडे बघत पडलो. का, ते पुढे सांगतो.

टिफनीला चेटकीण व्हायचे आहे. हा शब्द वाचून दचकू नका. या पुस्तकांतली चेटकीण म्हणजे गावची जाणती बाई. ती बाळंतपण करते, एकट्या म्हाताऱ्यांची नखे कापते, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढते, मेलेल्याला अंघोळ घालते. मोबदला म्हणजे कुणी जुना कपडा देतो, कुणी खायला देतो. जादू थोडी आणि पायपीट फार. आपल्या गावोगावच्या सुईणींनी पिढ्यानपिढ्या हेच केले.

आणि तिला चेटकीण व्हावेसे का वाटते? गावात एक म्हातारी एकटी राहत असते. तोंडात दात नाहीत, स्वतःशीच बोलते. सरदाराचा मुलगा हरवतो आणि लोक ठरवतात की हिनेच काही केले. तिचे घर जाळतात. कुणी तिला थारा देत नाही आणि हिवाळ्यात ती बर्फात मरते. नऊ वर्षांची पोर ठरवते की असे पुन्हा कुणाच्या बाबतीत होऊ द्यायचे नाही. आपल्या महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणी केल्याचा आळ घेऊन कुणाला छळणे हा आता गुन्हा आहे. तरी त्यानंतरही नंदुरबारकडून डाकीण ठरवून छळ झाल्याच्या बातम्या येत राहिल्या. कायदा कागदावर असतो. गावात "थांबा" म्हणणारे माणूस लागते.

टिफनीला हे सारे मिळाले तिच्या आजीकडून. आजी जन्मभर मेंढ्यांमागे राहिली. टेकडीवर चाकाची झोपडी, त्यात लोकर, टर्पेंटाइन आणि तंबाखूचा वास. बोलणे मोजके. सरदाराच्या कुत्र्याने मेंढी मारली, तेव्हा कायद्याने त्याला मरणाची शिक्षा होती. आजीने त्याला नुकत्याच व्यालेल्या मेंढीबरोबर गोठ्यात कोंडले. कोकरू पाठीशी असलेल्या आईने त्या कुत्र्याला अशी अद्दल घडवली की तो पुन्हा मेंढीच्या वाटेला गेला नाही.

या आजीला टिफनीने लहानपणी जत्रेतली चिनीमातीची बाहुली दिलेली असते. झालरीचा झगा, रिबिनी, हातात नक्षीदार काठी, अशी गोजिरवाणी मेंढपाळीण. आजीच्या अंगावर मात्र जुना झगा आणि गोणपाट. आजी काही बोलत नाही. पण टिफनीला पुढे राहून राहून वाटते, आपण आजीला दुखावले का? 'मेंढपाळीण अशी असते, तुझ्यासारखी नाही,' असे तर आपण नकळत म्हटले नाही ना?

भगिनींनो, ती बाहुली मला ओळखीची वाटली. मी आजवर भिंतीला चिकटवलेल्या पत्रकांवर ती होती. कोरे लुगडे, ठसठशीत कुंकू, डोक्यावर टोपली, हसरा चेहरा. ते पत्रक चिकटवायचो आणि त्याच भिंतीखाली शेवटच्या ओळीत बसलेल्या खऱ्या शेतकरणीकडे पाठ करून पुरुषांशी बोलायचो.

२०१७ चा खरीप तुम्ही विसरला नसाल. त्या वर्षी मराठवाड्यात आणि विदर्भात कपाशीवर गुलाबी बोंडअळीने कहर केला. हंगामाच्या सुरुवातीला एका गावात माझी सभा होती. सभा संपल्यावर एक बाई पुढे आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी चार फुले काढली आणि म्हणाल्या, "साहेब, ही फुलं उमलतच नाहीत. गुलाबाच्या कळीवानी मिटूनच राहतात. आत काहीतरी हाय." ती डोमकळी होती. गुलाबी बोंडअळी आल्याची ती पहिली खूण. अशी फुले दिसताच ती तोडून नष्ट करायची, कामगंध सापळे लावून पतंग मोजायचे, हे मला पाठ होते. पण मला दुसऱ्या गावी जायची घाई होती. मी फुलांकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. "कारभाऱ्यांना पाठवा, त्यांना सांगतो," असे म्हणून गाडीला किक मारली. कारभारी आले नाहीत. दिवाळीनंतर त्या शिवारातली बोंडे फोडून पाहिली, तर आत किडकी सरकी आणि पिवळा पडलेला कापूस. त्या चार फुलांनी अख्ख्या गावाची कपाशी वाचली असती असे मी म्हणत नाही. पण मोजून बघा म्हणून सांगणाऱ्याने हातात दिलेले फूलही उघडून बघितले नाही, एवढे खरे.

ही गोष्ट मी सात-आठ वर्षे कुणाला सांगितली नव्हती. तिसऱ्या पुस्तकात, 'विंटरस्मिथ'मध्ये, टिफनीच्या हातून एक चूक होते. जिथे शिरायचे नाही त्या नाचात तिचे पाऊल पडते आणि त्यापायी हिवाळा हटायचे नाव घेत नाही. बर्फात कोकरे मरू लागतात. ती सबबी सांगत बसत नाही. चूक माझी, निस्तरायचीही मीच, असे मनाशी धरून ती कामाला लागते. तेरा वर्षांची पोर! मी पन्नाशी ओलांडलेला.

पाय बरा झाल्यावर पहिल्यांदा त्या गावी गेलो. बाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी म्हणालो, "ताई, तुम्ही फुले आणली होती, ते आठवते का? त्या दिवशी मी ती बघायला हवी होती. चुकलो." त्यांनी सूप खाली ठेवले. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लई उशिरा आलात साहेब. पण आलात. चहा घ्या, अन् मग रानात चला. यंदाची पानं दाखवते."

चहा घेतला आणि रानात गेलो. त्या पुढे, मी मागे. पान उलटून कुठे बघायचे, ते त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते. रोजच्या पाहण्यामुळे थोडे जास्तच. आता माझ्या सभेत बायका पुढे बसतात आणि पहिला प्रश्न मी त्यांना विचारतो. सुरुवातीला त्या लाजल्या. आता मला बोलू देत नाहीत!

पुस्तकांविषयी एक सांगायचे राहिले. चौथे पुस्तक जरा जाणत्या मुलांसाठी आहे, त्यात दारुड्या बापाची मारहाण येते. आधी तुम्ही वाचा, मग मुलांना द्या. लेखकाला २००७ साली स्मृती पोखरणाऱ्या अल्झायमर रोगाने गाठले होते. पुढे टंकलेखन जमेना, तेव्हा त्यांनी तोंडी सांगून पुस्तके लिहिली. शेवटची दोन पुस्तके त्या आजारातली आहेत.

मुलीला फोनवर सांगितले, "पाचही झाली." ती म्हणाली, "मग बाबा, परीकथेने पोट भरते का?" मी म्हणालो, "पोट नाही भरत, बाळा. पण डोळे उघडतात." तुमच्या घरातली पोर असे काही वाचत बसली, तर तिच्यावर ओरडू नका. आणि ती किंवा तिची आई पदराच्या गाठीतून काही काढून दाखवू लागली, तर गाडीची किक मारायच्या आधी थांबा. हातात घ्या, उघडून बघा.