सारखेपणाचा प्रश्न

म्हाइंभटांचे लीळाचरित्र आम्ही दोघे अंबडच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. पण ‘संकलन’ या शब्दाचे वजन आम्हांला कळले ते संगणकासमोर. विद्यार्थ्यांसाठी लीळांची सूची करावी, एवढाच हेतू होता. वि. भि. कोलते यांची १९७८ची संपादित आवृत्ती शेजारी होती आणि चाळिशीत चिकाटीने शिकलेली थोडीशी जावा हाताशी.

प्रत्येक लीळा हे एक ऑब्जेक्ट: शीर्षक, स्थळ, पाठ आणि एकांक, पूर्वार्ध की उत्तरार्ध ही नोंद. इथवर सोपे होते. अवघड होता तो या साऱ्या लीळांना सांभाळणारा ‘लीळासंग्रह’ हा क्लास. क्रम राखायचा तर लिस्ट, दुबार वस्तू नको तर सेट. आम्ही सेट निवडला आणि दोन लीळा सारख्या केव्हा मानायच्या, याचा नियमही लिहिला: शीर्षक एक असेल तर.

सूची देखणी झाली. पुढे वर्गात हिराइसांच्या नावाचा एक पाठ दाखवायला गेलो, तर तो नाहीच! मूळ पोथी हरवल्यावर महानुभावांनी हा ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. त्या वेळी एकाच प्रसंगाचे वेगवेगळे पाठ ‘वासना’ म्हणून जपले गेले. आमच्या सेटने पहिला पाठ ठेवला आणि उरलेले निमूटपणे नाकारले. चुकीचा संदेशसुद्धा नाही. जावाच्या लेखी चूक झालीच नव्हती; सारखेपणाची व्याख्या आमचीच होती. (आणि पाठभेदांवर गुण देणारेही आम्हीच.)

आता संग्रहाच्या पोटात मॅप आहे: लीळा ही किल्ली आणि तिच्यासमोर पाठांची लिस्ट. हा मॅप खासगी ठेवला आहे. बाहेरून पाठ वाचता येतो, नवा जोडता येतो. गाळण्याची सोय मुद्दाम दिलेली नाही. केसोबासांनी लीळांतील वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला, म्हणून लीळाचरित्रातून ती वचने उणी झाली नाहीत. आमचा ‘सूत्रसंग्रह’ही लीळांच्या प्रती करीत नाही, त्याच ऑब्जेक्टांकडे निर्देश करतो. मुद्रणदोष एकदा सुधारला की दोन्हीकडे सुधारलेला दिसतो.

ज्या पाठाला सांगणाऱ्याचे नाव नाही, त्याचे काय, यावर मात्र आमच्या दोघांत अजून एकमत नाही. तूर्त ती चौकट कोरी आहे; ‘अज्ञात’ असेही आम्ही तीत लिहिलेले नाही.